इशारा : रोजचाच

खुर्ची गरम होती. झालं ते एवढंच. कपडे गच्चीवर वाळत घालून स्नेहल खाली आली, हॉलमधल्या कॉम्प्युटरसमोर बसली आणि बसल्या बसल्या तिला कुणाच्या तरी अंगाची ऊब खालून लागली. कुणाची ते कळायला मार्ग नव्हता. सासरे असतील, नवरा असेल, मुलगी असेल, वरच्या भाडेकरू पोरांपैकी एखादा असेल, नाहीतर आळीतलं कुणीही. तिचा चष्मा की-बोर्डच्या डावीकडून उजवीकडे गेला होता. पडद्यावर बैलगाडा शर्यतीचा व्हिडिओ थांबवलेला, बैलांची तोंडं वर, धुरळा अर्धवट उडालेला, आणि त्याच्या मागे कुठेतरी तिचा अर्धा टाईप केलेला दहावीचा पेपर. ती रागावली नाही. रागवायला अंगात जे काही लागतं ते त्या वेळी तिच्यात नव्हतं. ती नुसती उठली आणि खुर्ची गार व्हायची वाट बघत तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मग तिला स्वतःचंच हसू आलं. आपल्याच खुर्चीत बसायला आपणच थांबलोय म्हणजे कमाल झाली, असं तिला वाटलं.

वराळ्यातलं हे घर तीन मजली होतं. वरच्या दोन मजल्यांवर कंपन्यांतली पोरं भाड्याने राहायची आणि खाली हे पाच जण : सासरे नथूआबा, सासूबाई रतनबाई, नवरा निलेश, आठवीतली चैताली आणि स्नेहल. घराला दारं पुष्कळ, पण बंद होणारं एकही नाही. पुढचं दार सकाळी उघडायचं ते झोपायच्या वेळेलाच लागायचं. स्वयंपाकघराला पडदा, तिच्या नि निलेशच्या खोलीला पडदा, आणि बाथरूमची कडी तिच्या लग्नाच्या आधीपासून तुटलेली. आत जो असेल त्याने खोकायचं, अशी घरातली पद्धत. लग्न झाल्यावर पहिलं वर्षभर ती अंघोळ करताना इतकी खोकायची की सासूबाईंनी तिला अडुळशाचा काढा करून पाजला. माया होती त्यात, नाही असं नाही. काढा कडू होता आणि तो देताना रतनबाईंनी तिच्या पाठीवरून हातही फिरवला होता. पण कडी काही कुणी बसवली नाही. निलेश अजूनही म्हणतो, या रविवारी बघतो. आता तिलाही खोकायची इतकी सवय झालीय की माहेरी, जिथे कडी आहे, तिथेही ती आत गेली की खोकते.

कॉम्प्युटर आला तो तिच्या कामासाठी. तळेगावातल्या एका क्लासचे मराठीचे पेपर आणि नोट्स ती घरी टाईप करून द्यायची. क्लास चालवणाऱ्या यशोधरा मॅडम हाताने लिहून पाठवायच्या, अक्षर देखणं पण घाईचं, आणि ही ते पडद्यावर उतरवायची. टायपिंग ती बारावीनंतर कामशेतला शिकली होती, लोखंडी मशीनवर. माहेरच्या वडिवळ्याहून जीपमध्ये कोंबून यायचं, जिना चढायचा, आणि तासभर खडखडाट. सरांचं एकच वाक्य असायचं : बोटं घरी ठेवा. म्हणजे मधल्या ओळीवर. कुठलंही अक्षर गाठायला बोट वर जावो की खाली, परत घरी आलं पाहिजे. त्या काळात तिला ते वाक्य फार आवडायचं, कारण बोटं घरी होती आणि बाकीची ती अजून कुठेच नव्हती. कुठेही जाऊ शकली असती. मराठीचा क डाव्या मधल्या बोटात, काना उजव्या मधल्या बोटात. मशीन जाऊन कॉम्प्युटर आला तरी तिच्या फाँटमध्ये सगळी अक्षरं त्याच जुन्या जागी बसलेली होती, त्यामुळे तिला की-बोर्डकडे बघावं लागायचं नाही. की-बोर्डवर इंग्रजीत काय छापलंय ते तिने कधी नीट वाचलंच नव्हतं. ती टाईप करत बसली की हाका चालू असायच्या. स्नेहल, दूध. मम्मी, माझी निळी ओढणी. स्नेहल, गॅसवाला आलाय. आतल्या खोलीतून, बाहेरून, जिन्यावरून. हाकांना कधी राग नसायचा, त्यामुळे त्यांच्यावर रागावताही यायचं नाही. लोकांना वाटतं सुनांचा छळ होतो तेव्हा कुणीतरी ओरडत असतं. इथे कुणी ओरडत नव्हतं. इथे सगळे नुसते हाका मारत होते, आणि ती उठत होती, आणि परत येईपर्यंत कुणीतरी तिच्या खुर्चीत बसून गेलेलं असायचं.

त्या दिवशी खुर्ची गार झाल्यावर ती बसली, बैलांना घालवलं, आणि पेपर उघडायच्या ऐवजी तिने सेटिंग उघडलं. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. पासवर्ड लावायचा विचार तिने आधी कधी केला नव्हता. तिथे लिहिलं होतं, नवा पासवर्ड. खाली, पुन्हा एकदा. त्याच्या खाली, इशारा, म्हणजे पासवर्ड विसरला तर आठवायला. कर्सर लुकलुकत राहिला. बाहेर आबा कुणाला तरी बैलांच्या वशिंडाबद्दल सांगत होते आणि सासूबाई लसूण सोलत बसल्या होत्या. काय ठेवावं? मुलीचं नाव ठेवलं तर मुलगी पहिल्या फटक्यात ओळखणार. नवऱ्याचं ठेवावं तर तो खूश होणार, आणि त्याला खूश करण्यासाठी काही ती हे करत नव्हती. माहेरचं गाव? तेही सगळ्यांना माहीत. तिला काही सुचेना. म्हणजे स्वतःचं, फक्त स्वतःला ठाऊक असलेलं, असं एक नाव, एक जागा, एक माणूस, एक वस्तू. एवढ्या वर्षांत काहीतरी असायला हवं होतं की नको? तेवढ्यात आतून हाक आली, "स्नेहल, मिक्सर लावतीस का गं?" आणि ती "आले" म्हणाली, आणि आले म्हणता म्हणता तिच्या बोटांनी आपलं आपण लिहून टाकलं. कंटाळा. ओळीने काळे ठिपके उमटले. खालच्या चौकटीत बोटांनी परत तेच लिहिलं, परत ठिपके. इशाऱ्याच्या जागी तिने इंग्रजी अक्षरांत, एकेक शोधून, रोजचाच असं लिहिलं, ओके केलं आणि मिक्सर लावायला उठली. मिक्सरच्या आवाजात तिला जरा बरं वाटलं. घरात आता असं काहीतरी होतं जे तिने बंद केलं होतं. आणि त्यावर जे लिहिलं होतं ते ठिपक्यांखाली होतं, कुणाला दिसणार नव्हतं.

बरं वाटणं संध्याकाळपर्यंत टिकलं. संध्याकाळी आबा चहा घेऊन कॉम्प्युटरपाशी गेले आणि पडद्याकडे बघत उभे राहिले. "हे काय मागतंय?" त्यांनी विचारलं. चैताली म्हणाली, पासवर्ड मागतंय. "कुनाला मागतंय?" आबा म्हणाले. त्यांचा प्रश्न खरा होता. त्यांना वाटलं यंत्राचं काही बिघडलं. पासवर्ड स्नेहलने लावलाय हे कळल्यावर ते "बरं बरं" म्हणाले आणि चहा घेऊन अंगणात गेले, जसे घरात बाईमाणसाचं काही चाललं असेल तर जातात. रतनबाई मात्र लसणाचं ताट बाजूला ठेवून म्हणाल्या, "घरात कुनापासनं कुलूप लावलं?" आवाजात भांडण नव्हतं. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं. स्नेहल म्हणाली, "कामाचे पेपर असतात आई, फुटायला नकोत," आणि हे कारण इतकं चांगलं निघालं की क्षणभर तिचाही त्यावर विश्वास बसला. मग ओल्या हातांनी, पदराला बोटं पुसत, तिने पाच बोटं तिथल्या तिथे नाचवली आणि आबांना बैल लावून दिले.

आणि मग तेच सुरू झालं. स्नेहल, कुलूप काढ. मम्मी, प्रोजेक्ट करायचंय, ये ना. आधी तिच्यामागे सगळे कॉम्प्युटर वापरायचे, आता तिला बोलावून वापरायचे, म्हणजे एका बंद दारापायी तिच्या नावच्या हाका वाढल्या. ती कणकेच्या हाताने यायची, कंटाळा असं लिहायची, परत जायची. दिवसातून कितीदा तरी. आधी ती हे नुसतं मनात आणायची, आता लिहून द्यायची, एवढा फरक. निलेशने पहिले काही दिवस थट्टा केली. मग एकदा सकाळच्या शिफ्टला जाताना बूट घालता घालता, तिच्याकडे न बघता त्याने विचारलं, "त्यात हाय तरी काय असं?" ती म्हणाली, "काहीच नाही." "मग काहीच नाही तर लावायचा कशाला?" हे त्याने अगदी सरळपणे विचारलं. तो गेल्यावर तिने मुद्दाम सगळं उघडून पाहिलं. पेपर, नोट्स, चैतालीची प्रोजेक्टं, कुणाच्या तरी साखरपुड्याचे फोटो, आबांचे बैल. तिचं असं त्यात काही नव्हतं. तिला फार वाईट वाटलं. नवऱ्याने संशय घेतला म्हणून नव्हे. संशय घ्यावा असं आपल्यापाशी काहीसुद्धा नाही, याचं.

दिवाळी झाली आणि वडिवळ्याहून निरोप आला की आईचा मोतीबिंदू काढायचा ठरला. स्नेहलला आनंद झाला. आईच्या डोळ्याचा आपल्याला आनंद होतोय हे कळल्यावर लाज वाटली, पण आनंद काही कमी झाला नाही. माहेरी उगीच जाता येत नाही, कारण लागतं. नुसतं जावंसं वाटलं हे कारण होत नाही. आता कारण होतं, तेही डॉक्टरांनी दिलेलं. भाऊ अमृत कंपनीत, भावजय बाळंतपणाला तिच्या आईकडे, आणि डोळ्यात दिवसातून अनेकदा थेंब टाकायला घरात बाईमाणूस हवंच. सासूबाई लगेच म्हणाल्या, "जा की. रईवारी ये." निलेशने दुचाकीवर नेऊन सोडलं. कामशेतच्या पुढे आत वळल्यावर गाडीवर मागे बसल्या बसल्या तिला झोप येऊ लागली, आणि तिने त्याच्या पाठीला गाल टेकवला. भात काढून झालेलं होतं. खाचरं रिकामी, धरणाचं पाणी स्वस्थ पडलेलं, आणि घरापुढे पेंढा रचलेला. आई बयाबाई ऑपरेशन होऊन, डोळ्याला हिरवा पडदा बांधून ओटीवर बसली होती. "कोन, स्नेहल का?" एवढं म्हणाली आणि परत गप्प झाली. डॉक्टरांनी तिला फार बोलू नको, वाकू नको, रडू नको असं सांगितलं होतं. घरात दोन बायका आणि दोघींना काही करायचं नव्हतं. स्नेहल थेंब टाकायची, भात टाकायची, आणि मधल्या वेळात आईशेजारी आडवी व्हायची. हाक नव्हती. पहिल्या दिवशी तिला त्या नसलेल्या हाकाच ऐकू येत राहिल्या, ती दोनदा उठून बसली. दुसऱ्या दिवशी ती जेवण झाल्यावर जी झोपली ती उन्हं कलेपर्यंत. उठल्यावर तिला वाटलं, इथून आपण रविवारपर्यंत काहीही झालं तरी हलणार नाही. एवढंच हवंय. कुणाला यात काही वावगं वाटेल असं काही ती मागत नव्हती.

तेव्हाच फोन वाजला. निलेश होता.

"अगं, यशोधरा मॅडमचा फोन आलता. दहावीचा पेपर पोचलाच नाही म्हनत्यात. उद्या सकाळी परीक्षा हाय."

तिला आठवलं. पेपर पूर्ण केला होता, सेव्ह केला होता, आणि पाठवायच्या वेळी निलेशने बाहेरून गाडीचा हॉर्न वाजवला होता. "समोरच आहे, उघडला की दिसेल," ती म्हणाली. "तुम्ही पाठवून द्या ना."

"त्येच करतोय मघाधरनं. पासवर्ड सांग."

 पलीकडे पंख्याचा आवाज येत होता, म्हणजे फोन हॉलमध्ये होता आणि स्पीकरवर होता. आबांचं खाकरणं ऐकू आलं. "चुकलं की खाली लिहून येतंय," निलेश म्हणाला, "इशारा, रोजचाच. रोजचाच काय? कायकाय टाकून बघितलं."

"च्या आसंल," आबा म्हणाले.

"चहा टाकला आबा, नाही झालं."

"मम्मी, डबा आहे का?" चैताली ओरडली. "डबा पण टाकला. भाकरी पण टाकली."

स्नेहलला हसू येत होतं. चहा, डबा, भाकरी. रोजचं म्हणून त्यांना जे आठवत होतं ते सगळं तीच करत होती, आणि त्यातलं काहीच पासवर्ड नव्हतं. "आठवत नाही का तुला?" निलेश म्हणाला. त्याचा आवाज चांगला होता, समजूतदार होता. "असं कर, मी गाडी घिऊन येतो. तू ये, पेपर पाठव, लगेच परत सोडतो तुला." परत सोडतो. हे तो खोटं बोलत नव्हता. त्याला ते खरंच वाटत होतं. पण तिला माहीत होतं की ती त्या घराच्या उंबऱ्याच्या आत गेली की सात वाजलेले असतील, भाकरीची वेळ असेल, आणि कुणीतरी सहज म्हणेल, आता आलीच आहेस तर. आईच्या डोळ्यात थेंब टाकायला शेजारची कुणी येईल, सकाळी जाऊ, दुपारी जाऊ. तिने आईकडे बघितलं. आई हिरव्या पडद्याआड डोळे मिटून बसली होती. एका बाजूला रविवारपर्यंतची ही ओटी होती, दुसऱ्या बाजूला एक शब्द. शब्द देऊन टाकला की ओटी राहणार होती. असं काय मोठं आहे त्यात, तिने स्वतःला विचारलं, आणि तरी तिचे कान तापले.

"कंटाळा," ती म्हणाली.

"अगं आमालाबी आलाय, मघाधरनं हेच चाललंय. पासवर्ड सांग."

"अहो, तोच. पासवर्डच तो आहे. कंटाळा."

पंख्याचा आवाज येत राहिला. चैताली फिस्सकन हसली आणि मध्येच थांबली, कुणीतरी तिच्याकडे बघितलं असावं. स्पीकर बंद करा असं आधी म्हणायला हवं होतं. आता ते सगळे तिथे उभे असणार, आबा चहाचा कप घेऊन, सासूबाई पडद्याच्या कडेला, आणि त्या सगळ्यांच्या मधोमध हॉलमध्ये तिचा कंटाळा पडलेला. निलेश कंपनीतल्या आवाजात म्हणाला, "बरं. टाकतो." आणि मग तो एकेक अक्षर मोठ्याने म्हणत टाकू लागला. के, ए, एन, टी, ए, एल, ए. तिने डोळे मिटून घेतले. लहानपणी परीक्षेचा निकाल मास्तर वर्गासमोर वाचायचे तेव्हा ती असेच डोळे मिटायची.

"चुकीचा म्हनतंय," निलेश म्हणाला.

"पप्पा, मध्ये डबल ए करा."

"केलं. चुकीचाच म्हनतंय." मग तो हसला, वातावरण हलकं करायला हसतात तसा. "तुझा कंटाळा चुकीचा हाय म्हनतंय गं ते." दुसरं कुणी हसलं नाही. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की चुकणारच. पासवर्डच्या चौकटीत मराठी फाँट नव्हता. तिची बोटं मराठीच्या जागांवर फिरली होती आणि खाली इंग्रजीचं भलतंच काहीतरी उमटलं होतं, जे तिने ठिपक्यांमुळे कधी पाहिलंच नव्हतं. म्हणजे शब्दही गेला आणि दारही उघडलं नाही. आपण सगळ्यांसमोर बोलून बसलो ते फुकट गेलं. "थांबा," ती म्हणाली, "मी करते फोन."

ओटीवर पत्र्याची एक जुनी पेटी होती. तिच्यासमोर ती मांडी घालून बसली आणि झाकणावर बोटं घरी ठेवली. कंटाळा. पण नीट लक्ष देऊन लिहायला गेल्यावर बोटं अडखळली, कुठे जायचं तेच त्यांना आठवेना. चालताना पायाकडे बघितलं की पाय अडखळतात तसं. मग तिने एक अख्खं वाक्य लिहायला घेतलं, म्हणजे बोटं बेसावध राहतील. मला कंटाळा आला आहे. पत्र्यावर टकटक झाली. पुन्हा. मला कंटाळा आला आहे. आई म्हणाली, "काय वाजिवतीस गं?" ती म्हणाली, "काही नाही, आये. काम हाय." मला कंटाळा आला आहे, मला कंटाळा आला आहे. लिहिता लिहिता ती मध्येच एकेका बोटावर थांबायची आणि मोबाईलवरच्या की-बोर्डच्या चित्रात शोधायची की इथे इंग्रजी कुठलं अक्षर असतं. डाव्या मधल्या बोटाखाली डी. करंगळीखाली ए. ट साठी शिफ्ट. असं करता करता तिला कळलं की हे वाक्य तिने आयुष्यात कधी पूर्ण म्हटलेलं नाही. कंटाळा आला, असं लहानपणी म्हटलं की आई म्हणायची, कंटाळा येतोय तर भांडी घास. मग म्हणणंच बंद झालं. नंतर थकवा आला, पाठ दुखली, झोप झाली नाही, डोकं जड आहे, असं काय काय म्हटलं असेल. त्यावर गोळी मिळते. यावर काय मिळणार? क्षणभर वाटलं, सांगूच नये. आठवत नाही म्हणावं आणि राहू द्यावं बंद. पण मग गाडी येणार. तिने फोन लावला.

"लिहून घ्या. डी. ए. मग कॅपिटल व्ही. के. कॅपिटल जी. परत के."

"हा कुठला कंटाळा?" निलेश म्हणाला.

"मराठीतला."

उघडलं. पेपर सापडला, गेला, मॅडमचा पोचला म्हणून मेसेजही आला. निलेश म्हणाला, "झालं काम. आता येऊ नको, ऱ्हा निवांत. थेंब टाक वेळेवर." आणि फोन ठेवला. तिला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं. रविवारपर्यंतची ओटी शाबूत होती. ती खांबाला टेकून बसली आणि तिला एकदम फार एकटं वाटलं. शब्द घरभर झाला होता. आबांनी ऐकला, मुलीने ऐकला, नवऱ्याने तर एकेक अक्षर करून लिहिला. आणि कुणी विचारलं नाही. कशाचा, असं एवढंसं विचारायला कुणालाही फार वेळ लागला नसता. इतकी वर्षं आपण हे लपवतोय असं तिला वाटत होतं, आणि उघड झाल्यावर कळलं की लपवायची गरजच नव्हती. समोर ठेवलं तरी कुणी उचलून बघणार नव्हतं. आता रविवारी ती जाईल आणि सगळे पासवर्ड टाकून आपापलं कॉम्प्युटर वापरतील, रोज तिचा कंटाळा बोटांनी दाबत, आणि त्याचा अर्थ त्यांच्या लेखी बैल लावायचे असा असेल. हे तिने भांडं धुवावं तसं मनात दोन-तीनदा फिरवून पाहिलं. कुठूनही पाहिलं तरी ते तसंच होतं.

फोन परत वाजला तेव्हा तिला वाटलं पेपरातच काही चूक निघाली. पण नाव सासूबाईंचं होतं. रतनबाई फोन करत नसत. त्यांना आलेला उचलता यायचा. लावायचा म्हणजे चैतालीने फोटो दाबून द्यावा लागायचा.

"झोपलीस का गं?"

"नाही आई, बोला ना."

"काय न्हाई. म्या मागल्या दारी आलीया."  लांबून कुत्रं भुंकल्याचा आवाज. "तुज्या आईचा डोळा बरा हाय न्हवं?"

"हो, बरा आहे."

"त्यो शब्द," रतनबाई म्हणाल्या. "त्यो कशाचा गं? माजा व्हय?"

"नाही हो आई!" ती पटकन म्हणाली. "काहीतरी ठेवावं लागतं म्हणून ठेवला."

"येवढ्या झटक्यात न्हाई म्हनू नगो. जरा इचार करून सांग. म्या थांबते."

आणि त्या खरंच थांबल्या. त्यांचा श्वास ऐकू येत होता.  असं थांबून तिच्या उत्तराची वाट कुणी पाहिलेली तिला आठवत नव्हती, त्यामुळे घाईने काहीतरी बोलून मोकळं होणं आता जमेना. कशाचा? दारांचा, हाकांचा, सात वाजण्याचा. निलेशच्या चांगल्या आवाजाचा. स्वतःचा तर होताच, सगळ्यात आधी स्वतःचा. आणि या बाईचा? पहाटेच्या खाकरण्याचा, कसंही केलं तरी मागून येऊन झाकण नीट लावण्याचा, पडद्याच्या कडेला उभं राहण्याचा. बाळंतपणात याच बाईने तिचे पाय रगडले होते. तेही खरं होतं. एकाने दुसरं खोटं होत नव्हतं. ती रडायला लागेल असं तिला वाटलं, पण रडू आलं नाही. 

"थोडा," ती म्हणाली. "थोडा तुमचापण, आई."

"थोडा म्हंजी किती?"

"भाकरी थापताना आपण खाली पीठ टाकतो, तेवढा."

 मग रतनबाई म्हणाल्या, "मंग लय झाला की. तू लय पीठ टाकतीस."

दोघीही हसल्या नाहीत. स्नेहलला कळेना की त्यांना लागलं की नाही लागलं. लागलंच असणार. तिने फोन घट्ट धरला आणि तिला वाटलं, आता परत घेता येणार नाही, आणि परत घ्यावंसंही वाटत नाहीये. "आणि तुम्हाला, आई?" तिने विचारलं.

"मला काय?"

"तुम्हाला कशाचा?"

"मला?" रतनबाई म्हणाल्या. आतून आबांची हाक आली, रतन, अगं रतन, च्या ठेव. स्नेहलला वाटलं आता त्या आले म्हणतील. नेहमी म्हणतात. इतकी वर्षं तिने त्यांना आले म्हणतानाच ऐकलं होतं. हाक परत आली. रतनबाई हलल्या नाहीत. त्यांचा श्वास तिथेच होता, फोनला लागून.

"म्या बी इचार करते," अखेर त्या हळूच म्हणाल्या. "मला येळ लागंल. मला कुनी इचारलं न्हाई आजपतूर."